वॉरंटीनंतरचे वास्तव

विकत घेतलेल्या वस्तूवर माणसाने विश्वास का ठेवावा, या प्रश्नाची दोन उत्तरे बाजारपेठेच्या व्यवहारात आढळतात. पहिले उत्तर कागदावरचे असून त्यास वॉरंटी म्हणतात. ठरावीक मुदतीत वस्तू बिघडल्यास ती आपल्या खर्चाने नीट करून देण्याचे निर्मात्याने दिलेले हे लेखी वचन असते, ज्याच्या पहिल्या ओळीत वचन आणि उरलेल्या चार पानांत ते कोणकोणत्या परिस्थितीत लागू होणार नाही याचे सविस्तर वर्णन आढळते. दुसरे उत्तर कोल्हापूरचे असून ते ‘डोळ्यांदेखत’ या एका शब्दात मावते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी असते, धार गिऱ्हाइकासमोर काढली जाते आणि फेसाळलेला पेला हातात येईपर्यंत दूध क्षणभरही नजरेआड होत नाही; त्यामुळे या व्यवहारात कागदाची गरज कोणास भासलेली नाही आणि म्हशीच्या गळ्यात वॉरंटी कार्ड बांधल्याचेही कोणाच्या पाहण्यात नाही. गुजरीत सोने डोळ्यांदेखत तोलले जाते, खासबागेत कुस्ती डोळ्यांदेखत निकाली होते आणि पाठ लागली की नाही याबद्दल पंचांपेक्षा प्रेक्षकांचे मत अधिक ठाम असते. अशा शहरात, डोळे पूर्णपणे झाकल्याखेरीज जे चालतच नाही असे एखादे यंत्र बिघडले म्हणजे काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

शास्त्रीय परिभाषेत या यंत्रास आभासी वास्तवाचा हेडसेट म्हणतात. डोळ्यांपुढे दोन भिंगे आणि भिंगांमागे पडदा अशी त्याची मूळ रचना असून दोन डोळ्यांना किंचित निरनिराळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांची सांगड घालून खोलीचा भास निर्माण करतो, हे त्यामागील तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच मांडले होते. डब्याला डोळे लावून आतली दुनिया पाहण्याची हौस तर जत्रेत जाणाऱ्या कोणालाही नवी नाही. आधुनिक यंत्रातील नवलाई एवढीच, की त्यातील संवेदक व कॅमेरे मानेची प्रत्येक हालचाल मोजतात आणि मान वळली की चित्रही त्या प्रमाणात वळते. मात्र शास्त्रीय नाव दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढत नाही. तेथे या यंत्रास तरुण पिढी ‘व्हीआर’, मधली पिढी ‘गॉगल’ आणि ज्येष्ठ पिढी ‘डबडं’ म्हणते. क्वचित ‘हेल्मेट’ हेही नाव कानी येते, जे विशेष लक्षणीय मानावे लागेल, कारण शहरातील अनेकांच्या डोक्यावर आपणहून चढलेले हे एकमेव हेल्मेट असावे.

कोल्हापुरात अशा यंत्राची वॉरंटी ‘संपते’ असे म्हणणे तत्त्वतः चुकीचे आहे, कारण पुष्कळदा ती येथे पोहोचलेलीच नसते. फेसबुकच्या मालकीच्या ऑक्युलस कंपनीचा क्वेस्ट हा हेडसेट मे २०१९ मध्ये आणि त्याची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हा ती भारतात अधिकृतरीत्या विक्रीस नव्हती. साहजिकच न्यू जर्सीच्या पुतण्याने गणपतीला गावी येताना, चॉकलेटे आणि बदामाच्या पुड्या यांच्या मधोमध मोज्यांत गुंडाळून आणलेले यंत्र, हाच त्याच्या आगमनाचा प्रमुख मार्ग ठरला. वॉरंटी ही सर्वसाधारणपणे वस्तू जेथे विकली गेली त्या देशापुरती असते, म्हणजे यंत्र विमानात बसते, वॉरंटी मात्र विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकासारखी काचेपलीकडे हात हलवत राहते. याखेरीज आणखी एक गाठ असते. ऑक्टोबर २०२० पासून या यंत्राच्या नव्या वापरकर्त्यांना फेसबुकचे खाते सक्तीचे झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची जागा कंपनीच्या स्वतंत्र खात्याने घेतली; परिणामी यंत्र काकांचे, कपाळ चुलत भावाचे आणि पासवर्ड पुतण्याचा, अशी त्रिस्थळी व्यवस्था तयार झाली. दुरुस्ती करणारा जेव्हा ‘पासवर्ड काय हाय?’ असे विचारतो तेव्हा कोल्हापुरात दुपारचे बारा आणि न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलेली असते.

अधिकृत दुरुस्तीचा मार्ग उपलब्ध असता तरी तो परवडला असता काय, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. ॲपल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलर किमतीचा व्हिजन प्रो हा हेडसेट आणला, तेव्हा अतिरिक्त संरक्षण योजना न घेतलेल्या ग्राहकास समोरची काच तडकल्यास ती बदलण्याचा दर ७९९ डॉलर आणि इतर नुकसानीचा दर २,३९९ डॉलर असा जाहीर करण्यात आला. तेव्हाच्या विनिमय दराने पहिली रक्कम सहासष्ट हजार रुपयांच्या घरात आणि दुसरी दोन लाखांच्या आसपास जाते. कोल्हापूर जिल्ह्यात एवढी रक्कम उच्चारली की ऐकणारा तिचे मनातल्या मनात म्हशींत रूपांतर करतो, आणि एका काचेपायी दावणीला एक म्हैस कमी बांधायची ही कल्पना त्यास आभासी वास्तवातही सहन होत नाही. याउलट, २०२३ मध्ये जिओने मोबाइल आत बसवून वापरण्याचा जो हेडसेट १,२९९ रुपयांत आणला, त्याच्या जातीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचे शास्त्र सेलोटेपपासून सुरू होऊन सेलोटेपपाशीच संपते, म्हणून त्याची येथे अधिक चर्चा केलेली नाही.

बिघाडांच्या कारणांकडे वळल्यास असे दिसते, की परदेशी पुस्तिकेने ज्या शक्यता गृहीत धरल्या त्यांपेक्षा घरगुती शक्यता अधिक समृद्ध आहेत. सर्वांत घातक शत्रू ऊन हा होय. हेडसेट वापरताना कपाळास घाम येतो, घामाने कपाळाकडील स्पंजाची गादी ओली होते आणि ओली झालेली वस्तू उन्हात टाकावी हा मराठी गृहव्यवस्थेचा मूलभूत नियम असल्याने, एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर कुरडया, सांडगे आणि शेवया यांच्या पंगतीत हे यंत्रही भिंगे आभाळाकडे करून वाळत पडते. भिंगाने ऊन एका बिंदूत गोळा करून कागद जाळण्याचा प्रयोग प्रत्येकाने शाळेत केलेला असतो. येथे भिंगांची जोडी आयती जागेवर असते आणि कागदाच्या जागी पडदा असतो, त्यामुळे थोड्याच वेळात पडद्यावर कायमचा डाग उमटतो. कुरडया मात्र उत्तम वाळतात. कावळे येऊ नयेत म्हणून वर साडी अंथरलेली असेल तर यंत्र वाचते, आणि या अर्थाने कावळा हा या तंत्रज्ञानाचा अनपेक्षित संरक्षक ठरतो.

यंत्र पाण्याने भिजले असल्यास ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय सर्वत्र प्रचलित आहे. त्यासाठी आजऱ्याचा घनसाळ वापरावा की रेशनचा तांदूळ पुरे होतो, यावर घराघरांत मतभेद असले, तरी दोन्ही तांदळांतील बारीक कोंडा चार्जिंगच्या खाचेत सारख्याच निष्ठेने जाऊन बसतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात पाण्याविषयी कोणी कोणास शिकवू नये हे खरे, पण त्या अनुभवातून आलेले ‘चिखल निघाला की मोटर चालू होते’ हे तत्त्व पंपास लागू पडते तसे पडद्यास पडत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून परतलेल्या पोराच्या हाती यंत्र पडले तर काय होते, हे सांगण्यास त्याच्या पट्ट्यातून पुढे वर्षभर झडणारा गुलाल समर्थ असतो. गादीचा प्रश्न तर क्वेस्टच्या खुद्द कंपनीलाही चुकलेला नाही. काहींच्या त्वचेला खाज सुटल्याच्या तक्रारींनंतर जुलै २०२१ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गाद्यांसाठी सिलिकॉनची आवरणे देण्याची वेळ आली. कोल्हापुरात हेच काम आजीने जुन्या मऊ धोतराची खोळ शिवून, कोणताही गाजावाजा न करता उरकलेले आढळते.

एवढे सगळे झाल्यावर यंत्र दुकानात येते. राजारामपुरीतल्या, गल्ल्यांना क्रमांक असूनही क्रमांकाने कधीच न सापडणाऱ्या दुकानांत मोबाइल दुरुस्तीची जी परंपरा रुजली आहे, तिची स्वतःची परिभाषा आहे. ‘डेड’ म्हणजे चालू न होणारे यंत्र. ‘शॉर्ट’ म्हणजे ज्या बिघाडाचे कारण अद्याप कळलेले नाही असा कोणताही बिघाड. ‘पार्ट मागवावा लागंल’ म्हणजे कारण कळले आहे, पण उपाय नाही. आणि ‘उद्या या’ हा वाक्प्रयोग वरवर कालवाचक वाटला तरी वस्तुतः तो एक अभिवादनाचा प्रकार असून, त्याचा शब्दशः अर्थ घेऊन खरोखरच दुसऱ्या दिवशी जाणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. येथे एका योगायोगाची नोंद घेणे अप्रस्तुत ठरू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूरने चार दशकांहून अधिक काळ लढा दिला आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झाले. पण सोल्डरिंगच्या धुराने काळवंडलेले, भिंगाचा दिवा लावलेले आणि उघड्या बोर्डांनी भरलेले दुसरे सर्किट बेंच या गल्ल्यांत फार पूर्वीपासून अखंड चालू आहे, आणि तेथेही पक्षकारास मुख्यतः तारीखच मिळते.

यंत्र उघडणे ही पहिली परीक्षा असते. या प्रकारच्या यंत्रांत साध्या फुलीचे नव्हे, तर सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे, टॉर्क्स नावाने ओळखले जाणारे बारीक स्क्रू वापरलेले असतात, ज्यांचा हेतू घट्ट बसणे हा असला तरी अननुभवी हाताला दूर ठेवण्याचा आनुषंगिक लाभही निर्मात्यास होतो. स्क्रू निघाल्यावर डिंक लागतो, डिंक गरम करून सुटल्यावर आत पातळ पट्ट्यांसारख्या तारा, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘स्ट्रिपा’, लागतात, आणि त्यांतली एखादी तुटली की ‘ही आधीच तुटलेली हुती’ हे विधान करण्याची वेळ येते. वॉरंटीचे खरे स्वरूप या क्षणी उमगते: ती जिवंत असेपर्यंत यंत्राच्या पोटावर कंपनीचा हक्क असतो आणि ती मेल्यावरच मालकास आपल्या वस्तूचे अंतरंग पाहावयास मिळते, म्हणून कोल्हापुरी गिऱ्हाईक वॉरंटी संपल्याचे सुतक पाळत नाही, तर ‘आता उघडायला मोकळे’ असा सुटकेचा श्वास टाकून स्टूल पुढे ओढून बसते.

हातातल्या कंट्रोलरचा जो बिघाड सर्वत्र आढळतो, त्याबाबत तर जुने ज्ञान नव्यास थेट मागे टाकते. कोणी दांडीला हात लावलेला नसताना खेळातला वीर आपोआप एका दिशेने चालू लागतो, यास परिभाषेत ड्रिफ्ट आणि दुकानात, सायकलच्या हँडलवरून घेतलेल्या शब्दांत, ‘डावीकडं वढतंय’ असे म्हणतात. दांडीखाली कार्बनचा एक पट्टा असतो, त्यावरून धातूची पत्ती घासत राहते आणि घासून घासून पट्टा झिजला किंवा त्यावर कचरा बसला की यंत्रास दांडी हलल्याचा भ्रम होतो. हीच रचना जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असे व तेथे हाच दोष खरखर म्हणून ऐकू येई; त्यामुळे ज्याने आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले असा एखादा साठीचा कारागीर हेडसेट कशाशी खातात हे ठाऊक नसतानाही, दांडी दोनदा फिरवून, ‘व्हॉल्यूम कंट्रोल गेलाय हेचा’ असे निदान करतो, क्लीनरचा एक थेंब सोडतो आणि वीर जागेवर उभा राहतो.

या आत्मविश्वासाला शहराच्या इतिहासाचा आधार आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला, त्यावर प्रयोग केले आणि १९१६ मध्ये आनंदराव निवर्तल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास चालता कॅमेरा कोल्हापुरात तयार केला. त्यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पडद्यावर आला. ज्या यंत्राची वॉरंटी कोणी दिली नव्हती, ज्याची पुस्तिका नव्हती आणि ज्याचा सुटा भाग मागवण्यास कोणी वितरक नव्हता, ते या शहरात उघडले गेले, समजून घेतले गेले आणि पुन्हा घडवले गेले. बाबूरावांचे मूळ आडनाव मिस्त्री होते, ही बाब या संदर्भात केवळ योगायोग मानण्यास दुरुस्तीवाले तयार होत नाहीत. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर ऑइल इंजिनाचा कोणताही भाग नमुन्यावरून वळवून मिळतो, या अनुभवावर वाढलेल्या माणसास ‘हा भाग कुठंच मिळत न्हाई’ हे वाक्य माहिती म्हणून नव्हे, तर आव्हान म्हणून ऐकू येते. पडद्याच्या बाबतीत हा अभिमान कामी येत नाही, कारण पडदा लेथवर वळत नाही. पण डोक्यावरच्या तुटलेल्या पट्ट्याच्या बाबतीत तो पूर्ण सार्थ ठरतो. कोल्हापुरी चपलेचा पट्टा चामड्याच्या वादीने शिवणाऱ्या कारागिराकडे हेडसेट नेल्यास तो यंत्राचे नावही न विचारता कातडी पट्टा असा शिवून देतो, की पुढे उरलेले सारे यंत्र निकामी झाले तरी पट्टा तेवढा वारसाहक्काने पुढच्या पिढीस जावा.

शासनाने या विषयाची दखल घेतली नाही असे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याविषयीचे पोर्टल सुरू झाले. त्यासाठी शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडण्यात आली. हेडसेट यांपैकी कशात मोडतो, हा प्रश्न मात्र उरतो. त्यात मोबाइलसारखी चिप असते पण बोलता येत नाही, तो घरात असतो पण टिकाऊ नाही, आणि त्यावर बसून कोठेही जाता येते पण वाहन परवाना लागत नाही. शेतीच्या अवजारांत त्याची गणना करण्यास आधार एवढाच, की तो बहुधा उसाच्या बिलातून घेतलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे डोळ्यांदेखतच्या प्रश्नाकडे वळावे लागते, कारण खरा पेच दुरुस्तीत नसून दुरुस्ती झाली हे ठरवण्यात आहे. दूरचित्रवाणी संच बिघडतो तेव्हा त्यावरच्या मुंग्या साऱ्या घरास दिसतात आणि नीट होतो तेव्हा त्याची साक्षही सारे घर देते. हेडसेटचा बिघाड एका वेळी एकाच माणसास दिसतो. शिवाय दोन भिंगांच्या मध्ये एक संवेदक असतो, जो कपाळ जवळ आल्याखेरीज पडदा उजळू देत नाही. दुरुस्ती करणारा कपाळाऐवजी तेथे अंगठा दाबून पडदा उजळवतो, म्हणजे एवढ्या प्रगत यंत्रासही कपाळ आणि अंगठा यांतला फरक कळत नाही हे प्रथमदर्शनीच सिद्ध होते. पुढची अडचण जागेची. हिंडून-फिरून खेळण्यासाठी यंत्र साधारण साडेसहा फूट लांब व तितकीच रुंद मोकळी जागा मागते आणि दुकानात मालकासह तीन माणसे शिरली की उरलेली जागा चहाच्या ग्लासापुरती असते, त्यामुळे चाचणी रस्त्यावर घ्यावी लागते. भर बाजारात डोळे बांधलेला माणूस हवेत दोन्ही हात फिरवत, मधूनच खाली वाकत आणि अदृश्य शत्रूस गुद्दे मारत असल्याचे दिसल्यावर ज्या शहरात गर्दी जमणार नाही असे एखादे शहर असेल, पण ते कोल्हापूर नव्हे.

गर्दी जमताच चाचणीचे रूपांतर सार्वजनिक परीक्षणात होते. यंत्र डोक्याडोक्यांवरून फिरते आणि प्रत्येक डोके नवा बिघाड शोधून काढते. एकास सारे दोन-दोन दिसते, दुसऱ्यास धूसर दिसते, तिसऱ्याला गरगरते, चौथ्यास काहीच दिसत नाही कारण त्याने यंत्र उलटे चढवलेले असते. यांत कोणी खोटे बोलत नसतो. दोन बाहुल्यांमधील अंतर माणसागणिक वेगळे असून क्वेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीत भिंगे ५८, ६३ व ६८ मिलिमीटर अशा तीनच अंतरांवर सरकवता येतात, तेव्हा एकाचे स्वच्छ चित्र दुसऱ्यास धूसर दिसणे हा यंत्राचा दोष नसून चेहऱ्यांचे वैविध्य होय. पण परीक्षक मंडळात हे मत मांडणारा अल्पमतात जातो.

अखेरीस दुकानातला पोरगा यंत्रातील चित्र वायफायवरून मोबाइलवर आणतो. ही सोय कास्टिंग या नावाने ओळखली जाते व तिच्यामुळे आतल्या माणसास जे दिसते ते बाहेरच्यांसही एकाच वेळी पाहता येते, आणि शहराचा जीव भांड्यात पडतो, कारण व्यवहार एकदाचा डोळ्यांदेखत आलेला असतो. मोबाइलवरचे चित्र निर्मळ असते. ‘चकाचक हाय की काका!’ असा निकाल सर्वानुमते लागतो. गच्चीवरच्या उन्हाने पडलेला डाग हेडसेटच्या पडद्यावर असतो, चित्रात नव्हे, म्हणून तो मोबाइलवर येणे शक्यच नसते, ही तांत्रिक बाब यंत्र डोक्यावर असलेला मालक समजावून सांगण्याचा प्रयत्न करतो, परंतु वीस माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढे एका डोळे झाकलेल्या माणसाची साक्ष टिकत नाही. ‘मोतीबिंदू बघून घ्या एकदा,’ असा प्रेमळ सल्ला त्यास मिळतो आणि एका डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता, खुणेच्या वडासकट, सांगितला जातो.

यानंतर मालक चिडून यंत्र तसेच टेबलावर ठेवून जातो, दुकानदार बिलबुकात ‘१ गॉगल, चेक केला’ अशी नोंद करतो आणि यंत्र वरच्या फळीवर, मिक्सरची भांडी, इमर्जन्सी दिवे व कोणाच्या तरी वडिलांचा ट्रान्झिस्टर यांच्या शेजारी जाऊन बसते. फळीखाली ‘३० दिवसांत वस्तू न नेल्यास दुकानदार जबाबदार नाही’ अशी पाटी असते, जी नीट पाहिल्यास वॉरंटीच होय, फक्त या वेळी मुदत गिऱ्हाइकाच्या चांगुलपणाची असते. ही मुदत कधीच पाळली जात नाही, कारण दुसऱ्याची वस्तू फेकून देण्यास दुकानदाराचा हात धजत नाही आणि ट्रान्झिस्टरचा मालक येईल अशी त्यास अजूनही आशा असते. दोन वर्षांनी पुतण्या पुन्हा गणपतीला येतो, काकांना गॉगलविषयी विचारतो, काका त्याला घेऊन दुकानाची पायरी चढतात आणि दुकानदार, सोल्डरिंगवरची नजर न काढता, फळीकडे बोट दाखवून म्हणतो, ‘पार्ट आलाय, उद्या या.’